#पुणे वेगळं, #पुण्यात वेगळं

सिंहगडाचा एक फोटो आणि खाली #सुंदर #निसर्ग #मस्त अशी वीस हॅशटॅगांची रांग. ‘मस्त’ असं लिहून कोण काय शोधणार?

हॅशटॅग म्हणजे कप्प्यावरची चिठ्ठी. तिच्यावर टिचकी मारली की तीच चिठ्ठी लावलेल्या अनोळखी लोकांच्या पोस्टही एका जागी दिसतात. इंटरनेटवरच्या आयआरसी या जुन्या चॅट-सेवेत चॅनलच्या, म्हणजे गप्पांच्या गटाच्या, नावाआधी हे # चिन्ह असायचं. ते ट्विटरवर गटांसाठी वापरावं, असं अमेरिकी तंत्रज्ञ ख्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी सुचवलं. फेसबुकवर ते २०१३मध्ये आलं.

साधे नियम बहुतेकांना ठाऊक असतात: मध्ये जागा सोडली किंवा आडवी रेघ (-) दिली की टॅग तिथेच संपतो, खालची रेघ (_) मात्र चालते. चिन्हाच्या आधी जागा हवी. ‘जय#महाराष्ट्र’ची लिंक होत नाही. नुसते आकडेही सहसा चालत नाहीत. खातं खाजगी असेल तर कितीही टॅग लावा, बाहेरच्यांना पोस्ट दिसणार नाही. यूट्यूबवर साठहून जास्त झाले तर सगळेच बाद.

मराठीची गोम वेगळीच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘#पुण्यात आज पाऊस’ असं लिहिलं की पोस्ट #पुण्यात या कप्प्यात जाते, #पुणे शोधणाऱ्याला ती सापडेलच असं नाही. म्हणून वाक्य सरळ लिहावं आणि टॅग मूळ रूपात शेवटी द्यावा. #वारी२०२५ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच, हेही दोन वेगळे धरावेत.

त्याहून छुपा घोटाळा टायपिंगचा. ‘ॲप’मधला ॲ काही कीबोर्डवर एकच अक्षर असतो, काहींवर अ लिहून वर चंद्र द्यावा लागतो. दिसायला सारखेच, पण संगणकाच्या लेखी दोन. ‘शेतकऱ्यां’मधल्या ‘ऱ्य’तही काही कीबोर्ड एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि टॅग तिथे तुटूही शकतो. आणखी एक गंमत: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, काना-मात्रा-वेलांट्या अक्षरांत मोजत नाहीत, त्या अक्षराला लावायच्या खुणांत येतात. ज्या सॉफ्टवेअरला फक्त अक्षरं कळतात, ते #मराठी पहिल्या कान्यापाशी कापतं. उरतं काय? #मर.

म्हणून पोस्ट टाकल्यावर दोन गोष्टी बघा. टॅगचा अख्खा शब्द रंगीत झालाय का? आणि त्यावर टिचकी मारल्यावर इतरांच्या पोस्ट दिसतात का? फक्त तुमचीच दिसत असेल तर त्या विषयावरच्या दुसऱ्या कुणाच्या पोस्टमधला चालता टॅग कॉपी करून लावा. हाताने पुन्हा टाइप केलात तर तीच चूक पुन्हा होईल.

टॅग निवडताना आधी शोधून बघणं हे निम्मं काम. २७ फेब्रुवारीला कुणी #मराठीभाषागौरवदिन लिहितं, कुणी #मराठीभाषादिन, कुणी #मराठीराजभाषादिन (हा खरं तर १ मेचा). गर्दी एकच, कप्पे तीन. अशा वेळी गौरवदिनाचा टॅग लावावा, फार तर दुसरा जोडीला. एरवी माझ्या मते तीन ते पाच पुरेत: एक विषयाचा, एक जागेचा, एक त्या प्रसंगाचा. सिंहगडाच्या त्या फोटोला #सिंहगड, #ट्रेकिंग आणि #पुणे.