निळ्या फितींच्या अलीकडे

जिथे आमचं स्वयंपाकघर यायचं होतं, नेमक्या तिथल्याच मेपलच्या फांदीला पाणथळ जमिनीची कड आखायला आलेल्या तज्ज्ञ बाईने निळी फीत बांधली, त्यावर काळ्या शाईने ‘ए-11’ लिहिलं आणि ती पुढे निघाली. गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. बर्फ नुकताच वितळला होता आणि मी गमबूट घालून तिच्या मागे चिखल तुडवत होते. दोन एकरांची ही जागा आम्ही सप्टेंबरात पाहिली, तेव्हा तिथे पाण्याचा टिपूस नव्हता. जागा दाखवणाऱ्याने ‘मागे थोडं ओलसर असतं’ एवढंच सांगितलं होतं. त्या फितीकडे बघताना मला रडू येईल असं वाटलं. पैसे आमचे, जमीन आमची, आणि घर कुठे नको हे ठरवणार कोणी तिसराच.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये पाणथळ जागांचा कायदा 1972 पासून आहे. पाणथळीच्या कडेपासून 100 फुटांच्या आत काही खणायचं, तोडायचं किंवा भराव घालायचा तर गावच्या संवर्धन समितीकडे अर्ज करावा लागतो. बारमाही ओढा असला तर तोच पट्टा बहुतेक ठिकाणी 200 फुटांचा होतो. शिवाय बऱ्याच गावांचे स्वतःचे जास्त कडक नियम असतात. आमच्या गावात कडेपासून पहिल्या 25 फुटांत गवतही कापायचं नाही. हे मी वाचलं होतं, पण कड म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

पाणी दिसतं तिथे कड, असं नसतं. ती बाई दर थोड्या अंतरावर लांब गिरमिट जमिनीत फिरवायची, हातभर खोलीची माती वर काढायची आणि रंगांच्या छोट्या पुस्तिकेशी ताडून बघायची. एका ठिकाणी माती तपकिरी निघाली. तिथून दहा पावलांवर राखाडी, आणि तिच्यात गंजासारखे नारिंगी ठिपके. जमिनीत बरेच दिवस पाणी भरून राहिलं की हवा उरत नाही, मातीतलं लोह विरघळून निघून जातं आणि राखाडी रंग उरतो. मुळांच्या वाटेने जिथे थोडी हवा पोचते तिथे लोह पुन्हा गंजतं. मग ती झाडं मोजायची. निम्मी किंवा त्याहून जास्त पाणथळीतली असतील, मातीही तसंच सांगत असेल, तर ती जागा कडेच्या आत. तिने मातीचा तो गोळा माझ्या तळहातावर ठेवला. माझा राग तिथे जरा ओसरला, कारण तिच्या म्हणण्यात मनमानी काही नव्हती. मातीत जे होतं तेच ती वाचत होती.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, ही तर चिबड जमीन. आजोबांनी असल्या जागेत गोठासुद्धा घातला नसता.” मला फार बरं वाटलं. आपल्या माणसांना हे गिरमिटाशिवाय कळत होतं. पण मग 26 जुलै 2005 ची मिठी नदीही आठवली. नियम आपल्याकडेही आहेत, 2017 चे. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं तेव्हा मी सगळ्या ग्रुपवर बातमी पाठवली होती. फक्त आपल्याकडे एका घराच्या कोपऱ्यासाठी कोणी माती हातात घेऊन बघितलेली मला आठवत नाही. इथे मात्र समितीतली बिनपगारी माणसं, त्यांत एक निवृत्त शिक्षक, शनिवारी सकाळी आमच्या चिखलात उभी होती.

आराखडा नव्याने करताना घराचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. आधी शोषक्षेत्र, म्हणजे घरातलं सांडपाणी जमिनीत जिरवायची जागा, कारण गावात ड्रेनेज लाइन नाही. ते पाणथळीपासून निदान 50 फूट आणि आपल्याच विहिरीपासून 100 फूट लांब हवं. ते कधी निकामी झालंच तर दुसऱ्यासाठी तेवढीच जागा राखून ठेवायची. म्हणजे सगळ्यात चांगली कोरडी जमीन त्यातच गेली. उरलेल्या तुकड्यात घर आडवं होतं ते उभं केलं, गॅरेज खाली घेतलं, गाडीरस्ता आखूड केला. घराचा सर्वांत जवळचा कोपरा आता फितीपासून 72 फुटांवर आहे.

सुनावणीत एक शेजारीण म्हणाली, 100 फुटांच्या आत काहीच होऊ देऊ नका. तिचं स्वतःचं घर कायद्याच्या आधीचं, त्याचा डेक थेट ओल्या जमिनीवर. मी तेव्हा गप्प बसले, पण इथे लिहिते: तो पट्टा म्हणजे बंदी नव्हे. तिथे काय करणार ते दाखवून परवानगी घ्यायची असते आणि आम्ही घेतली. नकाशे तीनदा बदलले. ‘मग अशी जागा घेतलीच कशाला?’ असं पुण्याहूनही दोघांनी विचारलं. त्यांना एवढंच सांगते की आम्ही पाणथळीत एक घमेलंही माती टाकलेली नाही.

जागेच्या मागे झाडीत एक उथळ तळं आहे. वसंतात भरतं, उन्हाळ्यात आटतं, म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि म्हणूनच बेडूक आणि ठिपकेदार सॅलमँडर तिथे अंडी घालतात. या मार्चअखेरीस, पहिल्या उबदार पावसाच्या रात्री, आम्ही दोघं टॉर्च घेऊन गेलो. बदकं ओरडावीत तसा बेडकांचा गलका चालला होता. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला एक सॅलमँडर पानांवरून पाण्याकडे चालला होता. एरवी तो तळ्यापासून लांब जंगलात, जमिनीखाली राहतो. म्हणजे आमचा पहिला आराखडा त्याच्या वाटेवरच होता.

परवानगीचे कागद रजिस्ट्रीत नोंदवले आहेत. माती वाहून पाणथळीत जाऊ नये म्हणून पेंढ्याच्या गुंडाळ्या लावून झाल्या, रस्त्यालगत फाइल नंबरची पाटी उभी आहे. बाबा जूनमध्ये येतायत, त्यांना भाजीचे वाफे करायचे आहेत. ते वाफे ए-11 पासून 40 फुटांवर येतात, म्हणून त्यांच्यासाठीही विचारणा केली आहे. पुढच्या मंगळवारी बैठक आहे.