तळपाय कोण बघतं बाप्पा!

नागपूरच्या उन्हात आपण दुपट्टा गुंडाळतो, पण सावळ्या कातडीत मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, बरेचदा निघतो तो तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली, म्हणजे ऊन जिथे फारसं पोचतच नाही. मामींच्या टाचेवर तसाच डाग, कडा वाकड्यातिकड्या, काळा-तपकिरी मिक्स रंग, ६ मिलिमीटरहून मोठा अन् वाढतच चाललेला, आणि ह्या म्हणतात कुरूप असेल, पट्टी लावते! नखात नवी काळी उभी रेघ आली, जुन्या भाजल्याच्या व्रणावर जखम झाली आणि महिना झाला तरी भरत नाही, तर तेही दाखवाच. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, स्किन ओपीडीत जा, शंका वाटली तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, सांगतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, तसं काही नसतं. मामींचा रिपोर्ट यायचाय.