पन्हाळा ते पावनखिंड, पाऊस सरल्यावर: मैत्रिणींसोबत केलेली पहिली लांबची चाल

पन्हाळा ते पावनखिंड म्हटलं की कोल्हापुरात सगळ्यांना आषाढच आठवतो. जुलैमध्ये मोहिमा निघतात, हजारो पोरं-पोरी घोषणा देत चिखलातनं चालतात, मुक्कामाची जेवणाची सगळी सोय लावलेली असते. ते वातावरण भारीच असतं, त्यात वाद नाही. पण आम्हा मैत्रिणींना ही वाट आमच्या चालीनं करायची होती, सामान आपल्याच पाठीवर आणि झोपायला तंबू. त्यात घरातली पोरं, नोकऱ्या, सासूबाईंचं दवाखान्याचं, हे सगळं बघता दसरा झाल्यावर दिवाळीच्या फराळाची गडबड सुरू व्हायच्या आधी जी जरा फट मिळते तेवढीच हातात होती, म्हणून मग ऑक्टोबर. आणि खरं सांगते, या वाटेला हा महिना फार चांगला आहे. ओढ्यांना पाणी असतं, चिखल वाळलेला असतो, जळवांचा त्रास संपत आलेला असतो आणि सगळीकडं भात पिवळं पडायला लागलेलं असतं.

अंतर साधारण 50 किलोमीटरच्या आसपास धरा. आमच्यातल्या कुणीच याआधी पाठीवर ओझं घेऊन एवढं चाललेलं नव्हतं. तयारी म्हणून आधी रंकाळ्याला फेऱ्या सुरू केल्या, त्यानं दम वाढतो पण रस्ता सपाट, गुडघ्याला काही कळत नाही. खरी तयारी जोतिबानं करून घेतली. रविवारी पहाटे शिवाजी पुलावरनं निघायचं, केर्लीवरनं डोंगर चढायचा, दर्शन घेऊन चालतच उतरायचं, आणि सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरायच्या म्हणजे ओझ्याची सवय होते. चढताना दम लागतो तो लगेच कमी येतो, पण उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि नखं दुखायला लागतात, हे तिथंच कळलं म्हणून सगळ्यांनी बूट एक नंबर मोठे घेतले आणि नखं बारीक कापली. नवीन कोणी जाणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच की महागडी सॅक नंतर बघा, आधी बूट.

तंबू ओळखीतून मिळाले. एकीकडं काठ्या, एकीकडं कापड असं वाटून घेतलं. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, गूळ आणि भडंग. भडंग वजनाला हलकं आणि चार वाजता जीव कासावीस होतो तेव्हा त्यातलं तिखट-मीठ फार बरं वाटतं. पाण्यासाठी क्लोरीनचे थेंब, ओआरएसच्या पुड्या, पायासाठी मायक्रोपोर टेप.

मुक्कामाचं मात्र नीट विचार करून ठरवलं. बरेच जण म्हणतात मसाई पठारावर तंबू ठोका, काय चांदणं दिसतं म्हणून. दिसत असेलच, पण मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे आणि त्या कातळावरची फुलं इतक्या पातळ मातीत उगवतात की चार तंबू पडले की तेवढी जागा गेलीच समजा. वनखात्याला न विचारता तिथं राहायचं नाही हे आम्ही घरातनं निघतानाच ठरवलं होतं. पठार उतरून खाली वस्तीजवळ जायचं, ज्याची जमीन त्याला विचारायचं, हो म्हणाले तर तंबू, नाही म्हणाले तर पुढची वाडी. पोरीपोरी असल्यामुळं घरच्यांना पण हेच पटलं.

सकाळच्या एसटीनं पन्हाळा. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार केला आणि राजदिंडीच्या वाटेनं खाली उतरलो. सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडलेला, 12 जुलै 1660 च्या रात्री महाराज सहाशे मावळे घेऊन भर पावसात निघाले, आणि दुसऱ्या पालखीत महाराज बनून बसलेले शिवा काशीद पकडले जाऊन मारले गेले. शिवा काशीद इथल्याच नेबापूरचे. लहानपणापासून ऐकलेलंच सगळं. पण त्या उतारावर दिवसाउजेडी, कोरड्या दगडावर पाय जपून टाकताना हेच रात्री, पावसात, दिवटी न लावता आणि खांद्यावर पालखी घेऊन कसं केलं असेल हा विचार आला आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या.

म्हाळुंग्यानंतर पठाराची चढण लागते. वर पोचल्यावर वारा अंगावर येतो तेव्हा काय वाटतं ते तिथं जाऊनच कळेल. नुसता जांभा आणि गवत, एक पठार संपलं की थोडं उतरून दुसरं. सोनकी संपत आलेली पण ओलीच्या जागी सीतेची आसवं अजून होती, निळी-जांभळी, इतकी बारीक की गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत. मसाईदेवीच्या देवळात जरा टेकलो. ऑक्टोबरचं ऊन पठारावर फार लागतं, सावलीला झाड नाही, तेव्हा अकराच्या आत निम्मं पठार मागं पडलेलं बरं.

आणि कुसळं! पावसात जाणाऱ्यांना ही कळत नाहीत. गवत कमरेएवढं झालेलं असतं, वाट त्यात बुडून जाते आणि कुसळं मोज्यात घुसतात. त्यांना मागं जाताच येत नाही, पाऊल टाकलं की आतच सरकतात. एकीचा पाय थोड्या वेळात लालबुंद झाला. गवत कापणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "मोजं काढ की आदी, आन उलटं करून वडून काढ, सरळ वडशील तर मोडत्यात." तसं केल्यावर खरंच सुटली. मग सगळ्यांनी पँट मोज्यावरनं खाली ओढून बुटाच्या नाडीत अडकवली, गुळगुळीत कापडाला कुसळ धरत नाही, तेवढा त्रास संपला.

संध्याकाळच्या आत कुंभारवाडीच्या पुढं एका वस्तीवर थांबलो. ओढ्याकाठी छान मोकळी जागा दिसली होती, सपाट, पाणी जवळ. तंबूला विचारावं म्हणून शेजारच्या घरात गेलो तर मामा म्हणाले, "तितं नगा, पोरींनो. गवं रातचं त्याच वाटंनं पाण्याला उतरत्यात. आमच्या परड्यात लावा की." मग त्यांनी नेऊन दाखवलं. ओढ्याच्या चिखलात गव्यांच्या खुरांचे ठसे, माझ्या तळहाताएवढे मोठे, आणि बांधाच्या अलीकडं भाताचा एक मोठा पट्टा नुसता आडवा झोपलेला. चार महिन्यांचं काम एका रात्रीत तुडवून गेले म्हणाले. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसतं आडव्या पडलेल्या लोंब्या हातात घेऊन त्यातले दाणे भरलेत का ते दाबून बघत होते.

जेवणं झाल्यावर मामा राखणीला निघाले तेव्हा आम्ही दोघी त्यांच्याबरोबर शेतातल्या खोपीपर्यंत गेलो. आत घोंगडं, बॅटरी, सुतळी बॉम्ब आणि एक तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. भात कापून घरात येईस्तोवर रोज रात्री हेच. मधे मधे उठायचं, डबा वाजवायचा, हाळी द्यायची. पलीकडच्या शेतातनं तसाच डबा वाजतो, मग त्याच्या पलीकडचा, म्हणजे कोण जागं आहे कोण नाही हे पण एकमेकांना कळतं. रात्री तंबूत झोपल्यावर तो आवाज अधूनमधून येत होता आणि मला त्यानं झोपमोड झाली असं अजिबात वाटलं नाही, उलट कुणीतरी जागं आहे म्हणून निर्धास्त झोप लागली. सकाळी मामांच्या घरातल्या मावशींनी चहा दिला. पैसे घेईनात, मग आमच्याकडचा गूळ ठेवला तेव्हा घेतला.

तंबूचं एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबरात दव एवढं पडतं की सकाळी बाहेरचं कापड निथळत असतं, आणि दार पूर्ण बंद केलंत तर श्वासानं आतूनही ओलं होतं. वरची जाळी थोडी उघडी ठेवायची. आणि दुपारी जेवायला थांबाल तेव्हा तंबू कातळावर पसरून वाळवायचा, ओला तंबू पाठीवर फार जड लागतो.

पुढं खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशी वाडीमागून वाडी. आमच्यातल्या बँकेतल्या मैत्रिणीचा गुडघा उतारावर बोलायला लागला होता. तेव्हा तिलाच पुढं घातलं आणि बाकीच्यांनी तिच्या मागं तिच्या चालीनं चालायचं असं केलं. याचा फार फरक पडतो. मागं राहिलेलं माणूस धापा टाकत येऊन पोचतं तेव्हा पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि ते उठून चालायला लागतात, त्या बिचारीला बसायलाच मिळत नाही. ती पुढं आल्यावर वेळ जरा जास्त लागला पण दिवसभर कोणी कुणावर चिडलं नाही. क्रेप बँडेज बांधलं, तिच्याकडचं काठ्यांचं ओझं आम्ही वाटून घेतलं.

वाटा मात्र फार फुटतात. अधूनमधून बाण रंगवलेत पण गवतात दिसत नाहीत, आणि मोबाईलला रेंज येते-जाते. नकाशा डाऊनलोड करून ठेवलेला होता तरी प्रत्येक वाडीत विचारूनच पुढं जात होतो. "लांबनं आलाय व्हय? जेवून जावा की," हे सगळीकडं. एका धनगरवाड्यावर ताक मिळालं, त्या उन्हात दुसरं काही नको होतं.

दुपारनंतर परतीच्या पावसानं गाठलं. ढग भरून आले आणि विजा चमकायला लागल्या तशा आम्ही मोकळ्या माळावरनं लगेच खाली उतरलो, कारण उघड्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली विजेत थांबायचं नसतं. त्या रात्री तंबू काढलेच नाहीत. गावातल्या दादांना विचारून देवळाच्या सभामंडपात अंथरूण टाकलं. आधी झाडून घेतलं, सकाळी परत झाडून दिलं. कचरा सगळा आमच्याच पिशवीत, अगदी टेपचे तुकडेसुद्धा. पावसाळ्यात या वाटेवर लोक प्लास्टिकच्या बाटल्या आणि रेनकोटाच्या चिंध्या टाकून जातात, त्या ऑक्टोबरात गवतात अडकलेल्या दिसतात. ही वाट कुणाच्या तरी शेताच्या बांधावरनं जाते हो, हे बघून फार वाईट वाटतं.

शेवटच्या दिवशी पांढरेपाण्यावरनं पावनखिंड. लोखंडी जिन्यानं खाली उतरलो. पाणी होतं पण थोडं, गर्दी अजिबात नव्हती. तेव्हा हिचं नाव घोडखिंड होतं. रात्रभर चालून दमलेल्यांतले निम्मे, बांदल मावळे, बाजीप्रभूंबरोबर इथं थांबले, आणि महाराज पुढं गेले तर विशाळगडालाही सुर्व्यांचा वेढा, म्हणजे तिथंही लढूनच आत शिरायचं. आमचे पाय फोडांनी भरलेले, खांदे सुजलेले, आणि आम्ही तर मुक्काम करत, ताक पीत, भडंग खात आलो होतो. त्या अरुंद जागेत उभं राहिल्यावर बँकेतली मैत्रीण नुसती रडायला लागली. मग आमच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही असं मला वाटतं.

तिथनं विशाळगडापर्यंत चालायचं मनात होतं, पण गुडघ्याला अजून त्रास द्यायला नको म्हणून सगळ्यांनी तिथंच थांबायचं ठरवलं. वर डांबरी रस्त्यावर एक वडाप, म्हणजे शेअर जीप, मलकापूरपर्यंत मिळालं, तिथनं एसटी. खिंड ते विशाळगड हा टप्पा आता जानेवारीत करायचा आहे, तोपर्यंत तिची फिजिओथेरपी होईल. आणि जाताना त्या वस्तीवर जाऊन मामांचं भात किती घरात आलं ते विचारायचं आहे.