गेट, ग्रँट आणि बारा महिने

मागच्या आठवड्यात एक ग्रँटचा अर्ज पाठवला आणि तेव्हापासून डोकं त्यातच अडकलंय, म्हटलं इथे लिहून मोकळं व्हावं. मी अमेरिकेत छोट्या नॉनप्रॉफिट संस्थांचे अर्ज लिहून देते हे जुन्या वाचकांना माहितीये. त्यातली एक संस्था ज्यू बायकांच्या घटस्फोटात मदत करते. मी स्वतः ज्यू नाही, त्यामुळे पहिल्या मीटिंगमध्ये सगळे 'गेट मिळालं, गेट अडलं' करत होते तेव्हा मला खरंच फाटक वगैरे वाटलं होतं.

तर गेट म्हणजे ज्यू धर्मकायद्याप्रमाणे घटस्फोटाचा लेखी कागद. तो नवऱ्याने बायकोला द्यायचा, आणि स्वखुशीने द्यायचा. त्याने दिलाच नाही तर सिव्हिल कोर्टाने घटस्फोट दिलेला असला तरी धर्माच्या नजरेत ती बाई विवाहितच. पुन्हा लग्न नाही, आणि दुसऱ्या पुरुषापासून मूल झालं तर त्या मुलावर आयुष्यभराचा शिक्का, त्याला समाजात लग्न करणंही अवघड. अशा अडकून पडलेल्या बाईला 'अगुना' म्हणतात, म्हणजे बांधून ठेवलेली. बायकोलाही गेट घ्यायला नकार देता येतो, पण नवऱ्यासाठी एक पळवाट आहे, शंभर रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, सह्या मिळवून दुसरं लग्न करता येतं. बायकोसाठी अशी पळवाट नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मीटिंगमध्ये जरा मोठ्यानेच 'शंभर?' म्हणाले होते.

इस्रायलमध्ये तर ज्यूंसाठी सिव्हिल लग्नच नाही, १९५३ च्या कायद्याने लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या कोर्टांकडे आहेत. (आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींनी या रब्बींचा हिसका चांगलाच बघितलाय, साठच्या दशकात त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी करायचा फतवा निघाला होता, १९६४ ला जेरुसलेममध्ये आंदोलन झालं तेव्हा कुठे तो मागे हटला.) १९९५ पासून तिथलं कोर्ट गेट न देणाऱ्या नवऱ्याचं ड्रायव्हिंग लायसन्स काढून घेऊ शकतं, देश सोडायला बंदी घालू शकतं, अगदी तुरुंगातही टाकू शकतं, तरी काही जण तुरुंगात बसून राहतात पण गेट देत नाहीत. हट्ट म्हणजे काय ते तिथे कळतं.

आता पैशाचा विषय, कारण माझं काम तेच. अशा कामाला पैसे कोण देतं? देवळाला, शाळेला, हॉस्पिटलला देणारे भरपूर, पण नवऱ्यांच्या आणि रब्बींच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी हात आखडतो. म्हणून नव्वदच्या दशकात ज्यू बायकांनी स्वतःचीच फाउंडेशन्स काढली. न्यूयॉर्कचं १९९५ चं, शिकागोचं १९९७ चं, आणि १९९८ मध्ये हदासा फाउंडेशन, जे अमेरिका आणि इस्रायल दोन्हीकडे बायका आणि मुलींसाठीच ग्रँट देतं. त्याची आई म्हणजे हदासा ही ज्यू बायकांची संघटना, १९१२ मध्ये हेन्रिएटा सॉल्डने न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली, जिने पुढच्याच वर्षी दोन नर्सेस जेरुसलेमला पाठवल्या होत्या. म्हणजे पैसे जमवण्यात बायका काही नवशिक्या नव्हत्या. फक्त जमवलेले पैसे कशावर खर्च करायचे हे बऱ्याचदा दुसरेच ठरवायचे.

मला या फाउंडेशन्सची एक गोष्ट फार आवडते. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक ट्रस्टी बाई ठरलेली रक्कम घालते आणि सगळ्याजणी बसून अर्ज वाचतात, भांडतात, मग मतदान करतात. आपल्या भिशीच्या बायका जर हिशेबाच्या वह्या घेऊन कायद्यावर वाद घालायला लागल्या तर कसं वाटेल तसं. असा अर्ज लिहिताना मला समोर माणसं दिसतात, त्यामुळे भाषा आपोआप साधी होते. मोठ्या फाउंडेशनला लिहिताना मात्र 'इम्पॅक्ट', 'स्केल' असले शब्द बोटातून आपोआप गळायला लागतात आणि नंतर वाचून माझी मलाच लाज वाटते.

कुणी विचारलं म्हणून सांगते, फाउंडेशन खरोखर कुणाला पैसे देतं ते वेबसाइटवरच्या गोड वाक्यांवरून ओळखू नका. अमेरिकेत प्रायव्हेट फाउंडेशनला दरवर्षी फॉर्म ९९०-पीएफ भरावा लागतो, तो कुणालाही बघता येतो, त्यात कुठल्या संस्थेला किती दिले याची यादीच असते. पब्लिक फाउंडेशन असेल तर साधा फॉर्म ९९० आणि त्याचं शेड्युल आय, म्हणजे दिलेल्या ग्रँट्सची पुरवणी. मी आधी तीन वर्षांच्या याद्या काढते. त्याच त्या संस्था दिसत असतील तर नव्या माणसाला दार बंदच समजायचं, किंवा आतलं कोणी ओळखीचं शोधायचं, खोटं कशाला बोलू.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ग्रँट बारा महिन्यांची असते आणि गेटची केस बारा महिन्यांत संपत नाही. कधी चार वर्षं, कधी दहा. या संस्थेचं काम म्हणजे फोन, रब्बींच्या चकरा, नवऱ्याच्या आईला समजावणं, वकिलाची फी, परत फोन. याचा आकडा काय देणार? उलट लग्नाआधीच्या कराराचा प्रचार घ्या. 'बेथ दिन ऑफ अमेरिका' या रब्बींच्या कोर्टाचा एक करार आहे, त्यावर सही केली की जोडपं वेगळं राहायला लागल्यापासून गेट मिळेपर्यंत नवऱ्याने बायकोला पोटगी द्यायची, दिवसाला १५० डॉलर आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारे. फार हुशार कल्पना आहे, आणि किती जोडप्यांनी सही केली ते मोजता येतं म्हणून त्याला पैसेही पटकन मिळतात. माझा त्याला अजिबात विरोध नाही हं. पण ज्या बाईचं लग्न पंधरा वर्षांपूर्वी झालंय आणि सही-बिही काही नाही तिचं काय करायचं, तिच्या फोनचा पगार कोण देणार?

२०१८ मध्ये 'मी टू' चळवळीनंतर सेफ्टी रिस्पेक्ट इक्विटी नेटवर्क सुरू झालं, ज्यू संस्थांमधल्या लैंगिक छळावर आणि भेदभावावर काम करणाऱ्यांसाठी, तिथेही मला हेच जाणवतं की पॉलिसी लिहून घ्यायला पैसे मिळतात, ती पॉलिसी रोज राबवणाऱ्या बाईच्या पगाराला हजार प्रश्न. म्हणून मी आता प्रत्येक अर्जात आधी ऑपरेटिंग सपोर्ट मागते, म्हणजे भाडं, पगार, वीजबिल. प्रोजेक्ट नंतर. दोनदा नकार आला, एकदा निम्मे मिळाले, निम्मे म्हणजे निम्मे, घेतले.

मागच्या वर्षी फाउंडेशनला द्यायच्या रिपोर्टमध्ये 'या काळात किती गेट मिळाली' असा रकाना होता. आम्ही लिहिलं दोन. खाली थोडं स्पष्टीकरण द्यायला जागा होती, पाचशे अक्षरांची, त्यात मी अकरा चालू केसेस कोंबल्या. रिपोर्ट सबमिट झाला आणि बरोबर वीस दिवसांनी सहा वर्षं अडकलेल्या एका बाईला गेट मिळालं. आकडा बदलायला गेले तर पोर्टल लॉक. फाउंडेशनच्या प्रोग्रॅम ऑफिसरला मेल टाकली, तिचं उत्तर आलं, अभिनंदन, पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये धरा. म्हणून मागच्या आठवड्यातल्या अर्जात त्या गेट मिळालेल्या बाईला पहिल्याच ओळीत टाकलंय.