पोर्टनं तुमचं काय घोडं मारलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून. खरं तर इतक्या जणांनी इतक्यांदा विचारून झालंय, की आता एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देईन आणि मी चहा टाकायला आत जाईन.

प्रश्न साधारण असा असतो: "काकू, तुम्ही एवढ्या मायाळू, दारात आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. मग पोर्ट अ‍ॅडलेडचं नाव काढलं की तुमचं नाक का मुरडतं? त्या फुटबॉल क्लबानं तुमचं काय घोडं मारलंय?" यंदा गणपतीत तर कहर झाला. आरतीला एक गोड मुलगा आला होता, नुकताच पुण्याहून इथे अ‍ॅडलेडला नोकरीला लागलेला, गळ्यात पोर्टचा मफलर. फोटोच्या वेळी मी म्हटलं, आधी तो मफलर काढ, मग माझ्या शेजारी उभा राहा. सगळे हसले. त्यानं बिचाऱ्यानं काढलाही. त्यांना वाटलं काकू गंमत करतायत.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला पोर्ट म्हणता, टीव्हीवरचं, निळ्या-हिरव्या रंगाचं, वर्षातून दोनदा याच शहरातल्या 'क्रोज' संघाशी भिडणारं, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. त्या लढतीला म्हणतात तो 'शोडाउन' 1997 पासूनचा. तुमचा तुम्हाला लखलाभ. माझं भांडण आमच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या फुटबॉल लीगमधलं. नॉरवूड आणि पोर्ट. पोर्टचा क्लब 1870 चा, नॉरवूडचा 1878 चा, म्हणजे आपल्याकडे टिळक-आगरकरांनी 'केसरी' काढायच्या आधीपासून ही मंडळी एकमेकांच्या उरावर बसतायत. मी त्यात फार उशिरा आले.

आणि मी क्लब निवडला वगैरे नाही हो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इथे आलो तेव्हा भाड्याचं घर मिळालं ते नॉरवूड या उपनगरात, 'परेड' रस्त्याच्या मागच्या गल्लीत. मैदान त्याच रस्त्यावर. शनिवारी दुपारी कुकरच्या शिट्टीबरोबर मैदानावरचा आरडाओरडा स्वयंपाकघरात यायचा. अख्ख्या शहरात ओळखीची मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेजारी एक इटालियन आजी होती, तिला इंग्रजी माझ्याहून कमी यायचं. एका शनिवारी तिनं माझा हात धरला आणि सरळ मैदानावर नेलं. कुंपणाला टेकून उभ्या राहिलो. चिखल, मीट-पायचा, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्रीचा वास, पांढरा कोट घालून गोलखांबांमध्ये उभा राहिलेला पंच. गोल झाला की तो दोन झेंडे असे ऐटीत फडकवायचा की मला खेळापेक्षा तोच बघत राहावंसं वाटे. आजीनं मला एवढंच शिकवलं: लाल-निळे आपले. काळे-पांढरे दिसले की ओरडायचं.

काळे-पांढरे म्हणजे पोर्ट. गोदीतल्या कामगारांचा क्लब. सगळ्यात जास्त विजेतेपदं त्यांची, राज्याच्या लीगमध्ये 36. आणि "आम्ही जिंकण्यासाठीच जन्माला आलोय" हा तोरा वर. तो तोराच डोक्यात जायचा. आता मी म्हटलं असतं की तोरा नसता तर मजाही नसती. तेव्हा नाही म्हटलं.

माझ्या ऑफिसात दोन टेबलं सोडून जी बसायची ती पोर्टची. बंदराजवळच्या सेमाफोरची, बाप गोदीत, आजा गोदीत. नाव लिहीत नाही, तिची मुलं-नातवंडं इथेच आहेत. परक्या देशात मला मिळालेली पहिली मैत्रीण. आमचा नियम होता: नॉरवूड-पोर्ट मॅचनंतरच्या सोमवारी हरलेल्या बाजूनं डबा आणायचा. मी बटाटेवडे, ती लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेला केकचा चौकोन. 1984 च्या अंतिम सामन्यात आम्ही त्यांना 9 गुणांनी हरवलं. तक्त्यात पाचव्या नंबरावरून येऊन, बाद फेरीच्या लागोपाठ चार मॅचेस जिंकून! तसं त्याआधी कोणी केलं नव्हतं. सोमवारी तिनं डबा आपटला माझ्यासमोर आणि म्हणाली, "नीट बघून खा. काळं आणि पांढरं. हरलो तरी रंग आमचेच गिळायला लागतात तुला."

असं होतं ते. याला वैर म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता 1990. ज्यांना माहीत आहे त्यांना काही सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं: व्हिक्टोरिया राज्याची लीग देशभर पसरत होती, त्याच वर्षी तिनं स्वतःचं नाव 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' करून घेतलं होतं, आणि आमच्या दहाही क्लबांनी मिळून ठरवलं होतं की इतक्यात तिकडे जायचं नाही. जुलै संपता संपता बातमी फुटली, पोर्टनं गुपचूप, एकट्यानं, तिकडे बोलणी पक्की केलीयत.

त्या दिवशी ऑफिसात कामाला कोणी हातच लावला नाही. रेडिओ चालू. जे लोक एरवी एकमेकांच्या क्लबांना शिव्या घालायचे ते सगळे एका बाजूला झाले, आणि दुसऱ्या बाजूला ती. कोणीतरी तिच्या टाइपरायटरवर सुटी नाणी ओळीनं मांडून ठेवली होती. बायबलमधला यहूदा, चांदीच्या नाण्यांसाठी गुरूला विकणारा, ती खूण. मला ती कोणीतरी समजावून सांगावी लागली. तिनं नाणी गोळा केली, चहाच्या डब्यात टाकली आणि कागद चढवून टाइप करायला बसली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. मी सरळ विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही."

बरं वाटलं मला. तेवढ्यात ती म्हणाली, "पण माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं."

मी चिडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण विश्वासघात हा शब्द नक्की वापरला. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, एका पंगतीत बसून, आणि यांनी मागच्या दारानं काढता पाय घेतला. जायचं तर जा, पण विचारायचं तरी. मला आठवतं, "विचारायचं तरी" हे मी दोनदा म्हटलं.

ती सँडविचचा कागद घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "तू इथे आलीस तेव्हा कोणाला विचारून आलीस?"

तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं तिला, कधीतरी रडत. आमचे फॉर्म भरून झाले, मेडिकल झाली, व्हिसा हातात आला आणि मग आम्ही सांगलीला गेलो, दादांच्या पाया पडलो आणि सांगितलं. दादा एवढंच म्हणाले होते, "ठरलंयच ना? मग विचारता कशाला?" आणि पेपर उघडून बसले. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. आई-दादांचं सगळं पुढे त्यानंच बघितलं, शेवटपर्यंत.

म्हणजे ती माझ्या वडिलांच्या घरावरून मला पोर्ट समजावत होती. मी उठले. डबा तसाच बाकावर राहिला.

तर हे घोडं. पोर्टनं मारलेलं नाही, मला माहीत आहे. पण काळा-पांढरा रंग बघितला की मला तो बाक दिसतो, त्याला मी काय करू?

आणि हो, तेव्हाही मला उत्तर होतं, आजही आहे. माणसानं पोटासाठी घर सोडणं वेगळं आणि लीगमधल्या सगळ्यात जास्त विजेतेपदं मिळवलेल्या क्लबानं बाकीच्या नऊ जणांना अंधारात ठेवणं वेगळं. आम्ही उपाशी नव्हतो हे मात्र खरं. ह्यांची सांगलीतली नोकरी चांगली होती. मग? आम्हीही मोठ्या मैदानात खेळायलाच आलो होतो. पण आम्ही कुणाशी करार मोडला नव्हता! ...असं मी रात्री अंथरुणात पडून तिला ऐकवत असे. भावाला विचारलं तर तो करार होता की नाही, याबद्दल त्याचं मत कदाचित वेगळं पडेल.

पुढचं भराभर सांगते. प्रकरण कोर्टात गेलं, पोर्टला मनाई झाली, घाईघाईत राज्याचा म्हणून अ‍ॅडलेड क्रोज हा संघ उभा केला आणि तो 1991 मध्ये मैदानात उतरला. पोर्टनं त्याच 1990 साली ग्लेनेल्गला हरवून राज्याचं विजेतेपद मात्र मारलंच. सगळं गाव विरोधात आणि हे जिंकतायत! त्या वर्षी आमचा डबा बंद झाला. बोलणं सुरू होतं, कामापुरतं. फाइल दे, स्टेपलर घे.

मग 1994 मध्ये त्या देशभरच्या लीगमध्ये राज्याच्या दुसऱ्या संघाला परवाना मिळणार असं झालं. पोर्टनं अर्ज केला. आणि आणखी कोणी केला माहितीये? आम्ही. नॉरवूडनं, स्टर्ट या दुसऱ्या क्लबाला बरोबर घेऊन. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी पेपर वाचला आणि दुपारपर्यंत तिच्याकडे बघितलंच नाही. चारच्या सुमारास ती आली, माझ्या टेबलावर एक लॅमिंग्टन ठेवला आणि गेली. एक शब्द नाही. चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं. आम्ही उघड अर्ज केला, चोरून नाही, हे मला त्याच क्षणी सुचलं होतं, पण तोंडात लॅमिंग्टन होता.

परवाना पोर्टला मिळाला. 1997 मध्ये ते गेले, आणि जाताना तिचं काय झालं बघा. तिकडे कॉलिंगवूडचे काळे-पांढरे पट्टे आधीपासून होते, त्यामुळे पोर्टला आपली ती उभ्या गजांची जर्सी तिकडे नेता आली नाही. नवा रंग, नवं टोपणनाव. जुना मॅग्पाय संघ (काळ्या-पांढऱ्या पक्ष्यावरून पडलेलं पोर्टचं जुनं टोपणनाव) इथेच, ओसरत्या गर्दीत खेळत राहिला. ती पहिल्या शोडाउनला गेली होती, पोर्ट 11 गुणांनी जिंकलं. सोमवारी विचारलं तर म्हणाली, "जिंकलो. पण ओरडताना कोणासाठी ओरडतेय कळत नव्हतं." त्याच वर्षी राज्याच्या फायनलमध्ये आम्ही तिच्या मॅग्पायना 73 गुणांनी धुतलं. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत टिकला.

इथे तुम्ही म्हणाल, मग काकू, दोघींचं सारखंच झालं की, मिटवा. माझा मुलगाही हेच म्हणतो. तो क्रोजचा, त्याला काय कळतंय. त्याचं आणखी एक आवडतं अस्त्र म्हणजे किथ थॉमस: 1984 च्या आमच्या विजयी संघातला खेळाडू, 2011 मध्ये पोर्टचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. "तुमचा माणूस तिकडे जाऊन क्लब चालवून आला, आणि तू मफलर काढायला लावतेस!" बरोबर आहे. तरी मफलर काढायचाच.

2014 ची फायनल आम्ही दोघींनी शेजारी बसून बघितली, अ‍ॅडलेड ओव्हलवर. दोघीही निवृत्त, दोघींच्याही गुडघ्यांची बोंब. तोवर पोर्टचा राज्यातला संघ म्हणजे वरच्या संघाची राखीव फळी झाला होता. शेवटच्या मिनिटापर्यंत कोण जिंकतंय कळेना. आम्ही 4 गुणांनी जिंकलो, सलग तिसरं विजेतेपद. मी नाचले, म्हणजे खुर्चीचा हात धरून जेवढं जमेल तेवढं. तिच्याकडे वळून म्हटलं, "सोमवारी डबा!"

ती शांतपणे पर्स आवरत होती. म्हणाली, "कसला डबा? हा पोर्ट नाही. ही राखीव पोरं. हे धरायचं नाही."

जर्सीवर गज होते, मैदानावर 'पोर्ट अ‍ॅडलेड' होतं, स्कोरबोर्डवर तेच लिहिलं होतं, आणि म्हणे धरायचं नाही! हरल्यावर क्लबच नव्हता म्हणायचं, ही कुठली रीत? मी अजून तिच्याकडून त्या डब्याची वसुली लावलीय. ती म्हणते, 1984 चा दिला, 1997 चा दिला, आता काही बाकी नाही. मी म्हणते 2014 चा बाकी आहे. परवा फोनवर यावरूनच वाजलं, आणि तिनं आधी फोन ठेवला.