आजींच्या फॉर्मसाठी चार फेऱ्या

पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या वृद्धाश्रमाचं काम मी बघतो. २०२१ च्या मार्चमध्ये साठीपुढच्यांचं कोरोनाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा आमच्याकडे ३१ जण होते. त्यातल्या सात जणांकडे आधार कार्डच नव्हतं. कुणाचं मुलाच्या घरी राहिलेलं, कुणी कधी काढलंच नव्हतं. एप्रिलअखेरच्या केंद्राच्या नियमावलीमुळे ओळखपत्राची अडचण सुटली. अशा लोकांच्या नोंदणीसाठी एक ‘की फॅसिलिटेटर’, म्हणजे त्यांच्या वतीने पुढे होणारा माणूस लागायचा, तो मीच झालो. तरी पथक दारात यायला जुलै उजाडला.

तोवर कांदिवलीचं प्रकरण गाजलं होतं. ३० मे रोजी एका सोसायटीत ३९० जणांना बोगस लस टोचली होती. म्हणून मी सिस्टरकडून व्हायल, म्हणजे लसीची कुपी, मागून घेतली आणि बॅच नंबर वहीत उतरवला. त्या हसल्या. “काका, आम्ही सरकारी आहोत हो.”

“म्हणूनच लिहून घेतोय,” म्हटलं.

चार व्हायल, चाळीस डोस. उघडलेली व्हायल चार तासांत संपवायची, म्हणून उरलेल्या नऊ डोसांसाठी शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाका मारून आणलं. अर्धा तास सगळे व्हरांड्यात बसले. कुणालाच काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या ८३ वर्षांच्या आजी तापाने फणफणून मोरीच्या दारात कोसळल्या. दोन रात्री दवाखान्यात काढून बऱ्या होऊन आल्या. डिस्चार्ज कार्डावर लसीचा उल्लेखही नव्हता.

लसीनंतर रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर ती गंभीर घटना धरतात. एईएफआयचा, म्हणजे लसीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदीचा, फॉर्म भरून जिल्ह्याकडे जावा लागतो. पण भरायचा कुणी? दवाखाना म्हणे, लस आम्ही दिली नाही. आरोग्य केंद्र म्हणे, पेशंट आमच्याकडे आलाच नाही. दोघांचंही खरं होतं, हीच तर गंमत!

तिसऱ्या फेरीत मी तोंडी बोलणं सोडलं. बॅच नंबर, टोचल्याची वेळ, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स असा अर्ज जिल्हा परिषदेत दिला आणि आवक क्रमांक घेतला. चौथ्या फेरीला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत फॉर्म भरला. “भरला की चौकशी आमच्याच मागे लागते,” ते म्हणाले. माणूस प्रामाणिक होता.

मी लसीच्या विरोधात नाही, स्वतः दोन्ही डोस घेतलेत. आजी लसीमुळे पडल्या की नाही हे एईएफआय समितीने ठरवावं, पण त्यासाठी कागद समितीपर्यंत पोचायला नको? पुढे २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की लसीनंतरच्या मृत्यूंच्या भरपाईला सरकार बांधील नाही, दिवाणी न्यायालयात जा. तिथे जाऊन दाखवायचं काय, नुसतं डिस्चार्ज कार्ड?

दुसऱ्या डोसला ८४ दिवसांनी तेच पथक आलं. सिस्टरनी न मागता व्हायल माझ्यापुढे धरली. आजींनीही डोस घेतला. त्या रात्री मी त्यांच्या दाराशी खाट टाकून झोपलो.