मी देवी मांडली होती का?

तुम्ही विचारलंत म्हणून, नाहीतर या विषयावर मी पुन्हा तोंड उघडणार नव्हते. पणजीत माझं प्रदर्शन झालं, त्यात मातीचं एक वारूळ होतं, आणि आमच्या गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात. प्रदर्शन संपल्यापासून लग्नात, बँकेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोक गाठतात आणि तेच विचारतात: 'ते वारूळ म्हणजे देवी होती की कलाकृती? आणि तू स्वतः मानतेस की नाही?'

मानते की नाही, ते मी सांगत नाही. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी कांगलां, म्हणजे रानफळं, शोधत रानात मीच फिरते. यावरून काय तो अर्थ काढा.

प्रदर्शनात बाकीही बरंच होतं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावीकाम आहे, त्या पद्धतीने, ओल्या चुन्यावर लाल थर देऊन तो खरवडून केलेले पाटे होते. दसऱ्याला देवाचं रूप म्हणून निघणाऱ्या सजवलेल्या काठ्यांवरून, तरंगांवरून, केलेले खांब होते. त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यांना वारूळच हवं.

वारूळ मी बनवलेलं होतं. आत बांबूचा सांगाडा, वर दिवचलीकडची (डिचोली), आमच्या गावची लाल माती आणि भाताचं तूस. रानातली रोयण, म्हणजे खरं वारूळ, मी उचलून आणली नव्हती. तसं म्हणणाऱ्यांनी पावसात रोयणीवर येणारी अळमी तेवढी खावीत, अफवा उठवू नयेत. सातेरीच्या गाभाऱ्यात वारुळाला मुखवटा असतो, साडी नेसवलेली असते. मी दोन्ही टाळलं. मुखवटा नाही, साडी नाही, म्हणजे देवी नाही, असा माझा हिशेब. माहितीपत्रकात मी ऐटीत लिहिलं होतं, 'हा केवळ आकार आहे. श्रद्धा प्रेक्षकाने सोबत आणावी किंवा बाहेर ठेवावी.' बाहेर ठेवावी म्हणे, चपलांसारखी! वाक्य चांगलं जमलंय असं तेव्हा वाटलं होतं. आज वाटतं, लिहिणारीने सातेरीच्या गावात जन्म काढला की नुसता पत्ता तिथला दिला?

मग कोणीतरी अबोलीचा वळेसार आणि एक नाणं ठेवून गेलं. दालनवाल्यांनी 'कृपया फुले वाहू नयेत' अशी पाटी लावली. फुलं वाढली.

शेवटच्या रात्री दालन रिकामं करून द्यायचं होतं. पाटे गुंडाळले, खांब टेम्पोत गेले. राहिलं वारूळ. ते दारातून अखंड बाहेर निघणार नव्हतं, जागेवरच बांधलेलं होतं. हमालांतला वयस्क माणूस दिवसभर माझी चित्रं बेफिकीर उचलत होता, तो मागे सरला. 'बाय, हांव हात लावचों ना.'

मी म्हटलं, अहो, माती आहे. मोबाईलवर बांबूच्या सांगाड्याचा फोटो दाखवला. त्याने तो नीट, मोठा करून पाहिला आणि म्हणाला, 'फुलां पडलीं न्ही ताचेर?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतर दोघेही बाजूला झाले. दालनाचा माणूस घड्याळ दाखवत होता. भटजींना बोलावू का, असं मी विचारलं. चिडून विचारलं की मनापासून, ते आजही कळत नाही. 'तें तुमी पळयात,' ते तुम्ही बघा, असं तो म्हणाला.

शेवटी कुदळ मी घेतली. पहिला घाव घसरला. तुसाने माती पक्की धरली होती, मीच मळली होती ना! घाव घालता घालता मी काहीतरी पुटपुटत होते. हो, पुटपुटत होते. काय, ते सांगणार नाही. बांबू उघडे पडले, ढेकळं झाली, आणि तोच माणूस पुढे आला, पोत्यांत माती भरू लागला. घमेली हिसकावून घेत म्हणाला, 'तुम्ही बसा.' ढेकळांना हात लावायला त्याला काहीच वाटलं नाही. कुठल्या घावानंतर त्याच्या लेखी ती माती झाली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

चित्रकार मित्र याला अंधश्रद्धा म्हणतात. मी म्हणत नाही. गावातले काही म्हणतात, देवीचा बाजार मांडलास. त्यांना एवढंच विचारते: खाणींसाठी आमचे डोंगर कापले, तेव्हा त्यांवरच्या रोयणींचं काय झालं? 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या त्या बेकायदा खाणकामाच्या भानगडीत, रोयणींसाठी नव्हे. आणि सांत इस्तेव गावचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी चित्रांत मरियेला साडी नेसवली, तेव्हा चर्चच्या लोकांनाच ते खुपलं. ते पुण्याला गेले. अर्थात त्यांचं नाव घेऊन मी सुटत नाही. त्यांची श्रद्धा होती. ते टाळून बोलत नव्हते.

आई म्हणते, 'विसर्जन केलंस, इतकंच.' विसर्जनाआधी आवाहन लागतं, मी म्हणते, ते मी केलं नव्हतं. 'तू नसशील केलं,' ती म्हणते, आणि पुढे बोलत नाही. पोती परसात आहेत. त्या मातीत मिरच्या लावायच्या तर तिचा विरोध, पोती नुसती ठेवायची तर माझा.

आता दुसऱ्या एका दालनाने तेच वारूळ पुन्हा मागितलंय. मी होकार कळवलेला नाही, नकारही नाही. कळवलाच होकार, तर मोडणार कोण, हे आधी लेखी घेईन.